हेडमास्तर गेले, अहवाल मी लिहिला

आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाला इंग्लंडला पाठवायचं आहे, असं पत्र आलं तेव्हा ते मीच सगळ्यांना वाचून दाखवलं. पत्र इंग्रजीत होतं, आणि शाळेत इंग्रजीत काहीही आलं की ते आधी माझ्या टेबलावर यायचं. मग ते वरच्या कचेरीचं परिपत्रक असो, नाहीतर नव्या स्टोव्हच्या खोक्यावरच्या सूचना असोत.

कोल्हार-बेलापूर रस्त्यावरच्या एका गावातली ती शाळा. पाचवी ते अकरावी. भोवताली ऊस, पाटाचं पाणी, आणि पाणी जिथवर जातं तिथवर आमच्या चेअरमनसाहेबांचा शब्द. शाळा ज्या संस्थेची होती तिचे ते चेअरमन. मी नगरहून लग्न होऊन तिथे आले, नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, आणि मला इंग्रजी शिकवायला लागून पाच वर्षं झाली होती.

पत्र पुण्याच्या एका सेवाभावी मंडळाचं होतं. खेड्यांतल्या शाळांमधले पाच शिक्षक निवडून त्यांना तीन आठवडे इंग्लंडच्या शाळा दाखवायच्या, आणि पुढे तिकडचे पाच शिक्षक आपल्याकडे आणायचे, अशी योजना. अटी दोनच होत्या. शिक्षक इंग्रजी शिकवणारा हवा आणि वय चाळीसच्या आत हवं. मी मोठ्याने वाचत होते आणि वाचता वाचता माझे कान गरम व्हायला लागले, कारण आमच्या शाळेत त्या दोन्ही अटींत बसणारं माणूस एकच होतं आणि तेच पत्र वाचत होतं.

चेअरमनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाईमानूस एकटी इमानात बसून जानार? उद्या काय इपरीत झालं तर आमी गावाला काय त्वांड दावायचं? हेडमास्तर जात्याल."

हेडमास्तर इतिहास शिकवायचे आणि त्यांचं वय बावन्न होतं. मी हळूच म्हटलं, "साहेब, चाळीसची अट आहे."

"मग? आमचे हेडमास्तर काय म्हातारे दिसत्यात व्हय?"

चेअरमनसाहेबांनी पुण्यात कुणाशी तरी बोलणं केलं आणि वयाची अट विरघळली. हेडमास्तरांचा अर्ज मी भरला. 'आपणांस ही सफर का करावीशी वाटते?' या प्रश्नाला अर्जात एक पान सोडलेलं होतं. माझ्याजवळ माझी कारणं तयार होती, तीच मी त्यांच्या नावाने लिहिली. मुलाखतीआधी आठ दिवस ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येत. माझा नवरा मंडळाचा अध्यक्ष होऊन खुर्चीत बसायचा, मी प्रश्न विचारायची, आणि हेडमास्तर मी लिहून दिलेली उत्तरं डोळे मिटून म्हणायचे. चौथ्या दिवसापासून प्रश्न संपायच्या आत उत्तर येऊ लागलं. मुलाखतीतही तसंच झालं म्हणतात, आणि त्यावर मंडळाने 'अत्यंत तत्पर उमेदवार' असा शेरा मारला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते निघाले. नगरला शिवलेला सूट, खांद्यावर लोकरीची शाल आणि डोक्यावर टोपी अशा वेषात त्यांना एस. टी.च्या थांब्यापर्यंत मिरवत नेलं. त्यांच्या पत्नीने इतका चिवडा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती की सामानात कपडे पाहुण्यासारखे दिसत होते. हार इतके पडले की गाडीत बसल्यावर त्यांचे फक्त डोळे दिसत होते. ते डोळे भेदरलेले होते. मला तेव्हा ते पाहून बरं वाटलं, हे कबूल करते.

तीन आठवड्यांनी परत आले ते जरा वाळून. चेअरमनसाहेबांसाठी त्यांनी सिगरेटचा लायटर आणला होता. बाकीच्यांना एकेक चॉकलेट. मला मागच्या टोकाला रबर असलेली पेन्सिल दिली आणि म्हणाले, "तुमचा उपयोग फार झाला, बाई." मी पेन्सिल घेतली. दुसऱ्याच रविवारी ती कशासाठी दिली होती ते कळलं.

ते वही घेऊन घरी आले. दौऱ्याचा अहवाल लिहून द्यायचा होता, मंडळाला इंग्रजीत आणि संस्थेला मराठीत. निदान चाळीस पानं हवी होती. "माझी टिपणं सगळी आहेत यात," असं म्हणून त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मी उघडली.

'सोमवार. पाऊस. शाळा पाहिली. फरशी स्वच्छ. जेवणात बटाटा.

मंगळवार. पाऊस. दुसरी शाळा पाहिली. हात धुण्यास गरम पाणी. बटाटा.

बुधवार. ऊन पडले. सर्वांस आनंद झाला. बटाटा.'

एकवीस दिवस असेच होते. एका गुरुवारी बटाट्याऐवजी वाटाणा होता.

"सर, वर्गात शिकवतात कसं, ते नाही लिहिलं?"

"वर्ग चांगले होते."

"म्हणजे काय चांगलं?"

हेडमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, खरं सांगू का? ती माणसं फार भरभर बोलतात हो. तोंड उघडतच नाहीत. पहिल्या दिवशी मी तुम्ही पाठ करून दिलेलं सगळं बोलून संपवलं. मग वीस दिवस 'व्हेरी गुड' म्हणत होतो." मग म्हणाले, "काही गोष्टी पाहिल्या. पण त्या लिहिण्यासारख्या नाहीत."

मला वाटलं तिकडच्या बायकांचे आखूड झगे वगैरे असेल. मी पुढे विचारलं नाही.

त्यांनी आणलेले कागद मी मागून घेतले. एका शाळेचं माहितीपत्रक होतं, त्यात वेळापत्रक आणि गणवेशाची यादी. एक नकाशा. एक गॅसच्या शेगड्यांचा जाहिरातीचा कागद, तो त्यांना कुणी का दिला देव जाणे. या तिन्हींच्या जोरावर मला चाळीस पानांचं इंग्लंड उभं करायचं होतं. पहिली दहा पानं मी भीत भीत लिहिली: हवा, इमारती, फरशी, गरम पाणी. अकराव्या पानावर माझी भीड चेपली.

मी कधी पाहणार नव्हते तो देश होता. मग तो मला हवा तसा का नसावा?

मी लिहिलं, तिकडे मुलांना तहान लागली तर ती न विचारता उठून पाणी पितात. तिकडे मुली मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीने न बसता वर्गभर बसतात. तिकडे शाळेत पाहुणे आले की शिक्षिकांना वर्ग सोडून चहा करायला पाठवत नाहीत. हेडमास्तरसुद्धा आपला चहा आपण करतात आणि कप आपण विसळतात. तिकडचे शाळा तपासनीस जेवण घरून डब्यात आणतात. तिकडे शिक्षकांना निवडणुकीत दारोदार फिरवत नाहीत, की संस्थाचालकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभं करत नाहीत. आणि चौदाव्या पानावर लिहिलं: तिकडे मुलांना मारत नाहीत.

आठ दिवस मी असा काही झपाटा लावला होता की नवरा म्हणाला, "अगं, इतकं चांगलं असतं तर ते लोक आपल्याकडे दीडशे वर्षं कशाला राहिले असते?"

हेडमास्तरांनी अहवाल वाचायला दोन दिवस घेतले. परत आले तेव्हा चौदाव्या पानावरच्या त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"काढू का सर?" मी विचारलं.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "नको," म्हणाले. "राहू द्या." आणि सही करून टाकली.

मराठी प्रत चेअरमनसाहेबांनी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतली. आम्ही दोघं समोर उभे. पाणी, मुली, चहा, सगळ्याला मान डुलत होती. तपासनिसाच्या डब्यावर तर ते खुश होऊन म्हणाले, "हे बेस हाय. आपला साहेब दर खेपंला कोंबडं मागतो." मग लग्नात वाढण्याचं पान आलं आणि मान थांबली.

"हे कुनी लिवलं?"

"तिकडं तसं आहे, साहेब," हेडमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका स्थिर होता की मला नवल वाटलं.

"तिकडं आसंल. तिकडं लग्नाला मान्सं किती येत्यात? चाळीस? हितं आमच्यात चार हजार पान उठतं. मास्तरांनी न्हाई वाढायचं तर मग कुनी? ते पान काढा."

आणि पान काढलं गेलं. निवडणुकीचा मजकूर त्याच पानाच्या पाठीमागे होता, तोही गेला.

ऑगस्टात सत्कार झाला. हेडमास्तरांनी सूट घातला होता, खाली चपला होत्या. मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी केलं आणि मुलांना मारत नाहीत या वाक्याला आले तेव्हा कागद खाली ठेवला. म्हणाले, "मुलाला मारताना मारणाऱ्याचं तोंड कसं दिसतं, ते आपण कधी आरशात पाहत नाही." हे वाक्य माझं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला, कारण ते माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा चांगलं होतं.

चेअरमनसाहेबांना गहिवरून आलं. लहानपणी त्यांनी मार खाऊन तिसरीतून शाळा सोडली होती. ते उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, "उद्यापास्नं आपल्या शाळंत छडी बंद! इंग्लंडात चालतंय तर हितं का न्हाई?" टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या अर्थातच सतरंजीवरच्या पोरांच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शिपायाने वर्गावर्गांतून छड्या गोळा केल्या आणि ऑफिसातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आमचे पी. टी.चे सर आपली छडी द्यायला तयार होईनात. तिला ते दर शनिवारी गोडंतेल लावायचे. शेवटी दिली, पण म्हणाले, "बाई, ती पोरं सायबाची हायेत. त्यान्ला 'प्लीज' म्हटलं की कळतं. आपल्या पोरान्ला 'प्लीज' म्हटलं तर ती म्हनत्याल, सरान्ला बरं न्हाई." छडी गेली तरी त्यांचे हात जागेवर होते. कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं, उन्हात मैदानाला फेऱ्या, हे सगळं चालू राहिलं. अहवालात त्याबद्दल काही नव्हतं. ती चूक माझी.

हेडमास्तरांना मात्र व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. बेलापूरला झालं, राहुरीला झालं, नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातही झालं. कधी कधी मलाही बरोबर नेत, कागद हरवला तर म्हणून. ते माझंच इंग्लंड सांगत, पण दर खेपेला त्यात भर पडायची. कप विसळण्याचा प्रसंग आधी एका वाक्याचा होता. तो वाढत वाढत बशी, चमचा आणि किटलीपर्यंत गेला. एकदा परत येताना मी एस. टी.त म्हटलं, "सर, अहवालात शाळेची बाग सातवीच्या मुलांनी केली असं आपण लिहिलंय. तुम्ही नववीची म्हणालात."

"बाई," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिथं मी होतो. तुम्ही नव्हता."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की माणूस आता पुरता वाया गेला. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. व्याख्यानांत इतक्यांदा कप विसळल्यावर त्यांना शाळेतही विसळणं भाग पडलं. मधल्या सुट्टीत ते नळाशी वाकून कप धूत आणि शिपाई मागे लाजून उभा राही. कप काही स्वच्छ निघत नसे.

आता माझ्याबद्दल. चौदावं पान लिहिणारी मी, स्वतः काही फार मऊ हाताची नव्हते. माझ्याकडे लाकडी पट्टी होती. ती छड्यांत मोजली गेली नव्हती, कारण ती रेघा मारायची होती. थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांची दोन-चार मुलं हंगामापुरती आमच्याकडे बसत. हेडमास्तर त्यांना दाखल्याशिवाय बसू देत, हा त्यांचा चांगुलपणा. त्या वर्षी खर्डा गावाकडची एक मुलगी पाचवीत होती. तिला 'एम' आणि 'एन'मधला फरक काही केल्या लक्षात राहीना. सातव्यांदा चुकली तेव्हा मी पट्टी उभी धरून तिच्या बोटांवर मारली.

तिने बोटं काखेत दाबली. रडली नाही. म्हणाली, "बाई, विंग्लंडात असं मारीत न्हाईत म्हनं."

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"हेडसर बोलले. परार्थनंला."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती, मी इंग्लंडच्या बाजूची की विरुद्ध, ते बघायला. मी पट्टी टेबलाच्या खणात टाकली. त्या दिवशी मी उरलेला तास कसा घेतला ते आठवत नाही. पट्टी पुन्हा वापरली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. दोनदा वापरली. दोन्ही वेळा रेघा मारायला काढली होती.

बहात्तर साल उजाडलं आणि पाऊस आलाच नाही. आमच्याकडे पाटाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं. कोरडवाहू गावांची मुलं शाळा सोडून आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली. वर्ग अर्धे झाले. अशात डिसेंबरमध्ये पत्र आलं: तिकडच्या पाच शिक्षकांतले एक गृहस्थ आमच्या शाळेला एक दिवस भेट देणार, आणि ते त्याच शाळेतले आहेत जिथे आमचे हेडमास्तर पाच दिवस बसले होते.

हे मी दोनदा वाचलं. हेडमास्तर मात्र शांत होते. "येऊ देत," म्हणाले.

गृहस्थ उंच, लाल आणि घामाघूम होते. गणित शिकवत. लेझीम झालं, फेटा बांधला, तो त्यांच्या कपाळावर घसरून बसला. हॉलमध्ये गावातले प्रतिष्ठित, सगळे शिक्षक आणि पुढे मुलं. दुभाषी अर्थात मी, आणि चहाही मीच केला होता. अहवालातलं चहाचं पान कुणी काढलं नव्हतं, तरी.

चेअरमनसाहेब उठून म्हणाले, "सायबाला सांगा, तुमचं बघून आमी छडी बंद केली. दीड वरीस झालं. कपाटात कुलूप लावून ठिवली."

मी सांगितलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खालच्या आवाजात, जरा ओशाळून म्हणाले की काहीतरी गैरसमज झालाय. त्यांच्या शाळेतही छडी मुख्याध्यापकांच्या कपाटात असते हे खरं, पण दर शुक्रवारी ती बाहेर काढतात. आठवडाभर ज्यांची नावं लिहिली जातात त्यांना रांगेने बोलावून मारतात. त्यांना स्वतःला ते आवडत नाही, पण पद्धत आहे.

हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता. पहिल्या रांगेत पाचवीची पोरं होती.

मी म्हटलं, "साहेब म्हणतात, त्यांच्याही शाळेत छडी कपाटातच असते."

कडाडून टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी घाबरून फेटा सावरला. एक अक्षर मी खोटं बोलले नव्हते. पण पी. टी.च्या सरांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंत होतं आणि कान तिखट होते.

"बाई, ते 'एव्हरी फ्रायडे' काय म्हनाले?"

"दर शुक्रवारी कपाट पुसून घेतात," मी म्हटलं. "फार स्वच्छता आहे तिकडे."

"हे खरं," हेडमास्तर लगेच म्हणाले. "फरशीसुद्धा."

पाहुणे वहीत भराभर लिहून घेत होते. भारतातल्या खेड्यांनी मारझोड सोडून दिली आहे, हा इथल्या थोर परंपरेचा प्रभाव असावा, असं काहीतरी. मला ते वरून दिसत होतं. मी सुधारलं नाही. तिकडच्या कुणाला तरी तो कागद वाचून दाखवला जाणार होता. होऊ दे म्हटलं उपयोग.

जेवणानंतर मी त्यांना उसाचं शेत दाखवायला नेलं. बांधावर ते म्हणाले, "तुमच्या हेडमास्तरांनी तुम्हाला सांगितलं नाही का? त्यांनी तर ते पाहिलं होतं." मग त्यांनी सांगितलं. त्या शुक्रवारी हेडमास्तर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसले होते आणि मुलांची रांग आत आली. कुणाच्या लक्षात आलं नाही की पाहुण्याला आधी बाहेर न्यावं. पहिल्या मुलाला मारलं तेव्हा हेडमास्तर उठले, कप खाली ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाऊस होता. त्यांना परत आत यायला बरीच विनंती करावी लागली. "त्या दिवशी ते पहिल्यांदा 'व्हेरी गुड' म्हणाले नाहीत," पाहुणे म्हणाले.

दीड वर्ष ज्या माणसाची मी घरी बसून टर उडवत होते, तो माझ्या खोट्यावर जाणूनबुजून सही करून बसला होता.

पाहुण्यांची जीप धुरळा उडवत कोल्हारकडे गेली तशी मी ऑफिसात गेले. हेडमास्तर फेट्यांची मोजदाद करून घेत होते. शिपाई बाहेर जाईपर्यंत मी थांबले.

"सर, तुम्ही पाहिलं होतं तिकडे. मारताना."

"पाहिलं होतं."

"मग मी उलटं लिहिलं तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही चांगलं लिहिलं होतं, बाई. मी पाहिलेलं सांगितलं असतं, तर काय झालं असतं सांगू? चेअरमनसाहेब म्हणाले असते, इंग्लंडातसुद्धा मारतात, मग आपण का नाही? आणि दोन डझन नव्या छड्या आल्या असत्या. विलायती."

"आणि तुम्ही आरशाचं बोललात, ते?"

"तिथल्या काचेच्या कपाटात त्यांचं तोंड दिसत होतं," ते म्हणाले. "माझंही." मग, "मीही वीस वर्षं मारलंच आहे की."

आम्ही दोघांनी नंतर हा विषय कधी काढला नाही. घरी मी त्यांची नक्कल करायचं बंद केलं. नवऱ्याला वाटलं माझं त्यांच्याशी भांडण झालं.

पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा एक शिक्षक मागितला. या वेळी हेडमास्तरांनी माझं नाव लिहून दिलं, लाल शाईने, कारणांसहित. चेअरमनसाहेबांनी ते वाचलं, "लई बेस" म्हणाले, आणि आपल्या पुतण्याला पाठवलं. पुतण्या आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी लागला होता. तो काय शिकवतो हे मुलांनाही अजून कळलं नव्हतं. निघण्याच्या आधी तो मोटारसायकलवरून माझ्या दारात आला.

"बाई, तेवढा अहवाल आत्ताच लिहून ठेवा ना. म्हणजे मी तिकडं फिरायला मोकळा."

मी दारातच उभी होते. क्षणभर त्याच्या तोंडावर दार लावावं असं वाटलं. मग मला आमच्या शाळेतल्या मुली आठवल्या. सत्तर-ऐंशी मुली, आणि त्यांच्यासाठी शाळेत संडास नाही, मुतारीसुद्धा नाही. मुलगे मैदानाच्या कडेला जात. मुली सकाळी घरून निघाल्या की पाणीच पीत नसत, आणि आठवीनंतर निम्म्या यायच्याच बंद होत. मी याबद्दल दोनदा अर्ज दिला होता आणि दोन्ही वेळा 'निधीअभावी' असं उत्तर आलं होतं.

"लिहिते," मी म्हटलं. "किती पानं?"

या वेळी मी भीत भीत सुरुवात केली नाही. पहिल्याच पानावर लिहिलं की इंग्लंडात कुठल्याही शाळेत पाऊल टाकलं की पाहुण्याला आधी मुलींचे संडास दाखवतात, आणि त्यावरून त्या संस्थेच्या चेअरमनची प्रतिष्ठा ठरते. हेडमास्तरांनी मजकूर तपासला आणि खाली आपल्या सहीने एक ओळ घातली: 'मीही पूर्वी हेच पाहिले होते, परंतु संकोचाने लिहिले नाही.'

दिवाळीच्या आत बांधकाम झालं. चार खोल्या, पत्र्याची दारं, बाहेर पाण्याची टाकी. उद्घाटन पुतण्याच्या हस्ते. दाराला लाल फीत बांधली होती आणि पुढे टेबलावर नारळ. पुतण्या तिकडचा कोट घालून आला आणि इंग्लंडात आपण स्वतः काय काय पाहिलं यावर त्याने पाऊण तास भाषण केलं. मुली कडेला दोन रांगांत उभ्या होत्या. सकाळपासून आलेल्या. फीत कापायच्या आधी आत जायचं नाही, अशी पी. टी.च्या सरांनी त्यांना ताकीद दिली होती.